एक नागली, दोन नागली

चिंतूकाका, तुमचं गुपित मी फोडलं.

सात वर्षं जपलेलं गुपित तुम्ही गेल्यावर बारा दिवसही माझ्या पोटात राहिलं नाही. आणि फोडलं तेही कुणाजवळ, तर ज्या एका माणसापासून तुम्ही ते लपवत होतात त्याच्याचजवळ. बाराव्याचं जेवण झाल्यावर तुमच्या बहिणीला, काशीमावशीला, जीपनं तिच्या पाड्यावर सोडायला मी गेलो होतो. तिच्या अंगणात टेकलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगून मोकळा झालो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गुरुजी, तुमच्या तोंडाला झाकणच नाय." खरं आहे. पण तिथं मला उलट जे कळलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. क्रमानं सांगतो. शेवट आधी सांगितलेला तुम्हाला कधीच चालायचा नाही.

मी तुमच्या पाड्यावर आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दोन खोल्यांची शाळा आणि राहायला तुमची पडवी. सामान म्हणजे एक ट्रंक आणि विज्ञान शिकल्याचा माज. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला परसात नेलंत आणि दरीपलीकडच्या उतारावर लाकूड तोडणारा माणूस दाखवलात. म्हणालात, "नीट बघा. कुऱ्हाड खाली पडते तवा आवाज नाय. वर जाते तवा 'ठक्' होतो. का?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं, प्रकाश वेगानं येतो, आवाज मागून येतो. तुम्ही नुसती मान हलवलीत. एवढ्यात त्या माणसानं काम थांबवलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला. आणि त्यानंतर आणखी एक 'ठक्' आला. मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात.

मग तुम्ही सांगितलंत, की लहानपणी तुम्हाला वाटायचं, दरीपलीकडे कुऱ्हाड वर जातानाच वाजते. तिकडची रीतच उलटी. खात्री करायला तुम्ही ओढा ओलांडून त्या तोडणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलात. तिथं ती घाव पडतानाच वाजत होती. आपण आल्याचं बघून त्यानं रीत बदलली असेल, असं वाटून तुम्ही परत निघालात, आणि दर पन्नास पावलांवर थांबून मागे वळून बघत आलात. "जसा लांब आलो तसा आवाज मागं राह्यला. तवा कळला, आवाजाला चालाया लागतो. तुमी सांगितला ते मला ठाव हाय, गुरुजी. मी विचारतो, चालतो कसा?"

तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात म्हणे. मी चोवीसचा होतो आणि मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नव्हतं.

आवाज चालतो कसा, हे मी तुम्हाला जीपमध्ये समजावलं. जव्हारच्या बाजारातून येताना आपण नेहमीप्रमाणे कोंबलेले होतो. मागच्यानं रेटलं की पुढचा त्याच्या पुढच्याला रेटतो, रेटा ड्रायव्हरपर्यंत पोचतो, पण माणूस आपल्या जागीच असतो. हवेचंही तसंच. रेटा पुढे जातो, हवा जिथल्या तिथं. जीपमधले सगळे ऐकत होते, आणि कुणीतरी मागून मुद्दाम रेटून प्रयोगही करून पाहिला. तुम्हाला ते पटलं. दाभोसा गाव मागे पडेपर्यंत तुमच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. उतरताना विचारलंत, "जीप रिकामी असली तर?"

"तर रेटा पोचणार नाही."

"मग उजेड कसा येतो? वर आभाळापल्याड, तुमी बोलता, काय नाय, हवा पण नाय. रिकामी जीप. सूर्याचा रेटा येतो कशावरनं?"

मी म्हणालो, प्रकाशाला माध्यम लागत नाही.

"हा जबाब नाय झाला, गुरुजी. ही तुमची सुटका झाली."

तीस वर्षं तो वाद चालला. मी जव्हारच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, वीज आणि चुंबक यांची गोष्ट सांगितली, दोघं एकमेकांना जागवत पुढे जातात असं काहीसं. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे दोगं हायेत. पण उभे कशावर हायेत?" मी निवृत्त झालो, काका, पण त्या प्रश्नाचं तुमचं समाधान होईल असं उत्तर मला सापडलं नाही. त्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटते. शाळेत मला एवढं कोंडीत कुणीच पकडलं नाही.

आता हाकेबद्दल.

तुमच्या परसाच्या टोकाला तो सपाट काळा दगड आहे. समोर दरीपलीकडे काशीमावशीच्या घरामागचा माळ. आईबाप गेल्यावर तुम्ही धाकट्या बहिणीला वाढवलंत आणि लग्न करून दिलंत ते समोरच्याच पाड्यावर, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. डोळ्यांसमोर खरी, पण रस्त्यानं जायचं तर पुलापर्यंत वळसा, आणि पावसाळ्यात ओढा भरला की तेही कठीण. निरोप देताना ती रडायला लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "सांजच्याला हाक मार. मी ओ देईन." बस्स. त्या दिवसापासून सूर्य डोंगराला टेकायच्या सुमाराला ती माळावर येऊन तोंडाशी हात धरायची, "दादाऽऽऽ", आणि तुम्ही दगडावरून "ओऽऽऽ". निरोप नाही, विचारपूस नाही. ती आहे आणि तुम्ही आहात, एवढंच. तिचा नवरा गेला, मुलगा भिवंडीला कामाला गेला, त्यानं फोन घेऊन दिला तर त्याला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. हाक मात्र चालू राहिली.

मी आल्याआल्या हसलो होतो त्या प्रकाराला. मग सवयीनं मीही संध्याकाळी दगडापाशी यायला लागलो, आणि तुमच्याकडून शिकलो. हाकेत शब्द का नसतात? कारण दूरवर पोचतो तो लांबवलेला स्वर, 'आ' आणि 'ओ'. 'स', 'त', 'क' हे बिचारे वाटेतच विरतात. मी पुस्तकात वाचून तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, "म्हून तर आमी दादा बोलतो, चिंतू नाय बोलत." दुपारी हाक पोचत नाही, सांजेला पोचते, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी ठासून म्हणालो होतो की आवाजाला घड्याळ कळत नाही. पुढे कधीतरी वाचलं. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते, आवाज वर वळतो आणि माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. सांजेला हवा खाली गार होते आणि तो खाली वाकतो. तोवर माझी बदली जव्हारला झाली होती. ते सांगायला मी रविवारी जीप पकडून आलो. तुम्ही नांगराचा फाळ ठोकत होतात, मान वर न करता म्हणालात, "मंग मी काय बोललो व्हतो?"

दरी केवढी आहे, हे आपण एकदा मोजलंही होतं, आठवतं? शाळेतलं थांबवायचं घड्याळ, आणि पलीकडे काशीमावशीच्या हातात स्टीलचं ताट आणि पळी. ती पळी मारायची तेव्हा ताट उन्हात चमकायचं. चमक दिसली की मी घड्याळ चालू करायचो, आवाज आला की बंद. दोन सेकंद. दहादा केलं, दोनच्या आसपासच. म्हणजे सातशे मीटरला थोडं कमी. तुम्हाला मीटरशी देणंघेणं नव्हतं. तुम्ही ते दोन सेकंद हातात घेऊन बघत बसलात. "म्हंजे ती हाक मारते नि मला ऐकू येते, त्याच्या मधी ती हाक कुठंच नसते. तिच्याकडं पण नाय, माझ्याकडं पण नाय." मी म्हणालो, दरीत असते. "दरीत ऐकाया कोन हाय?"

मग किडे कमी झाले. उन्हाळ्यात दुपारभर झाडांवर किर्रर्र लावणारे ते किडे. तुम्ही म्हणालात, आता येतच नाहीत, लोक औषधं मारतात त्यानं मेले. आणि तुम्ही हे म्हणत होतात तेव्हा तुमच्याच अंगणातल्या आंब्यावर त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. पुढच्या काही महिन्यांत तुम्ही तक्रार करायला लागलात की हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, सुना पुटपुटतात. पुरुष मात्र नीट बोलतात, असंही तुमचं म्हणणं. मी तुम्हाला जव्हारला तपासणीला घेऊन गेलो तेव्हा तुम्ही चिडला होतात.

त्या काचेच्या खोलीत कानांवर यंत्र लावून तुम्हाला बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. तुम्ही धडाधड दाबत होतात. तपासणारी मुलगी चक्रावली, या वयात एवढे कान! मग तिच्या लक्षात आलं. काचेतून तिचा हात चकतीवर फिरताना दिसला की तुम्ही बटण दाबत होतात. तिनं तुमची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तुमचं पितळ उघडं पडलं. कागदावर रेघ आली ती डावीकडून बरी निघालेली, आणि पुढे जव्हारचा घाट उतरावा तशी खाली गेलेली.

परत येताना मी तुम्हाला कानाच्या आतलं सांगितलं. पडदा, त्याला लागून तीन बारकी हाडं, आणि मग गोगलगाईसारखा वळलेला शंख, त्यात पाणी आणि पाण्यात केसांसारख्या बारीक पेशींच्या रांगा. आवाजाचा रेटा त्या पाण्याला हलवतो, त्या डुलतात, आणि मेंदूला कळतं. बारीक, टोकदार आवाज ऐकणाऱ्या पेशी तोंडाशी, जाडे आवाज ऐकणाऱ्या पार आत. तोंडाशी असलेल्या आधी झिजतात, आणि झिजल्या की परत उगवत नाहीत. म्हणून आधी किडे गेले, मग मुलं, मग बायका. मी शिकवण्याच्या भरात बोलत सुटलो होतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "म्हंजे आता काशी."

काका, त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. निदान तुमचा हात धरायला हवा होता. मी मास्तरकीच करत राहिलो.

कानाचं यंत्र तुम्ही पंधरा दिवस लावलंत. म्हणालात, काशीची हाक येते पण पत्र्याच्या डब्यातून येते, आणि त्याबरोबर पानं, कोंबड्या, सुनेची पळी, सगळं एकदम अंगावर येतं. मग पावसाळ्यात ते ओलं झालं, की तुम्ही ओलं केलंत, देव जाणे. ते नागलीच्या, आमच्या बोलीत नाचणीच्या, कणगीत गेलं ते गेलंच.

त्यानंतरच्या एका रविवारी ते झालं. ऊन उतरलं होतं. आपण दगडावर. समोर काशीमावशी आली, लाल लुगडं लांबूनही ठळक दिसत होतं. तिनं तोंडाशी हात नेले. आणि तुम्ही लगेच "ओऽऽऽ" दिलात. तुमचा ओ संपत आला तेव्हा कुठे तिची हाक माझ्या कानावर पडली. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नजर चुकवलीत.

"काका, तुम्हाला हाक ऐकू आली नाही."

"दिसली," तुम्ही म्हणालात.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या दिवशी झालं. मी म्हणालो, तिला सांगून टाका, हे खोटं आहे. तुम्ही म्हणालात, तिला कळलं की दादाला ऐकू येत नाही, तर ती हाक मारायची बंद होईल. बहिऱ्याला कोण हाक मारतं? आणि हाक बंद झाली तर त्या डोंगरावर ती एकटी. "मी तिला शब्द दिलेला हाय, ओ देईन. ऐकेन असा शब्द नाय दिला." मी खोटं, खोटं म्हणत राहिलो, तेव्हा तुम्ही माझाच प्रयोग माझ्या तोंडावर मारलात. "उजेड आधी पोचतो ना? मंग ती मला आधी पोचते. आवाज ऐकला तर खरा नि तिला बघितला तर खोटा? कसा काय?"

मी रागानं म्हणालो, "मग निदान चोरी तरी नीट करा. तिची हाक इथं यायच्या आत तुमचा ओ जातोय. दोन सेकंद थांबा." आणि मीच, विज्ञानाचा शिक्षक, तुम्हाला सेकंद मोजायला शिकवलं. तुमचं एक-दोन फार झरझर व्हायचं, म्हणून प्रत्येकापुढे एक शब्द जोडून दिला. हात दिसले की मनात म्हणायचं, एक नागली, दोन नागली, मग ओ. तीन-चार रविवारांत तुम्ही इतके पक्के झालात की कुणाच्या बापाला कळलं नसतं.

धुकं मात्र आवरेना. पावसाळ्यात ढग दरीत उतरला की समोरचं काही दिसायचं नाही. पूर्वी धुक्यात हाक उलट जास्त कामाची असायची, कारण आवाजाची लाट हातभर लांबीची, धुक्याचे थेंब तिच्या खिजगणतीत नसतात. उजेडाची लाट एवढी बारीक की त्याच थेंबांवर आपटून विखरून जाते. आता धुकं पडलं की तुम्ही आंधळे आणि बहिरे दोन्ही. तेव्हा तुम्ही दगडावर उभे राहून अंदाजानं ओ द्यायचात. एक इथं, एक थोड्या वेळानं. चार ओ तरी द्यायचात. एखादा तरी तिच्या हाकेमागं जाऊन पडेल, या हिशेबानं.

शेवटची दोन वर्षं मी दर रविवारी यायचो. आणि काका, आता माझी एक लाज सांगतो. त्या दोन वर्षांत काशीमावशीची हाक मलाही येईनाशी झाली होती. ती तोंडाशी हात धरायची, मी कान टवकारायचो, आणि काही नाही. शेजारी तुम्ही तोंडातल्या तोंडात नागली मोजत असायचात. तुम्ही विचारायचात, "आली हाक?" आणि मी म्हणायचो, "आली, आली. वारा जरा उलटा आहे." घरी जाऊन मी बायकोच्या नकळत घड्याळ कानाशी धरून बघायचो. वाटायचं, आता माझी रेघ घाट उतरायला लागली. तुम्हाला सांगायची छाती झाली नाही. तुम्हाला खोटं म्हणणारा मी, तुमच्याच दगडावर बसून तेच करत होतो.

तर बाराव्याला काशीमावशीच्या अंगणात मी हे सगळं ओकलो. काचेची खोली, कणगीतलं यंत्र, दोन नागली. म्हणालो, मावशी, सात वर्षं दादाला तुझी हाक ऐकू येत नव्हती. माफ कर, मी पण त्यात सामील होतो.

ती नागली पाखडत होती. सुपावरचा हात थांबलाही नाही. म्हणाली, "मला ठाव हाय."

"कसं?"

"तो ओ लवकर आला ना एक दिशी. मी हाक मारते, हात खाली घेते, पदर खोचते, तवा त्याचा ओ येतो. इतकी सालं तसाच. त्या दिशी हात तोंडाशीच व्हते नि ओ आला. माझी हाक तिथं पोचलीच नव्हती, गुरुजी. मंग त्यानं ऐकला काय?"

ती पुढे म्हणाली, "मंग थोड्या दिसांनी परत वेळेवर यायला लागला. मी बोलले, कान बरे झाले का काय! म्हून एक सांजेला बघितला. नुसते हात धरले. तोंड उघडला, पण हाक नाय मारली."

"मग?"

"ओ आला. बरोबर वेळेवर."

आणि ती हसली, तुमच्यासारखीच, खांदे हलवत. मग सूप बाजूला ठेवून पदर डोळ्यांना लावला.

काका, शाळेची पायरी न चढलेल्या तुमच्या बहिणीनं तो प्रयोग केला, जो तीस वर्षं प्रयोगवह्या तपासणाऱ्या मला सुचला नाही. एक गोष्ट काढून घ्यायची आणि बाकी सगळं तसंच ठेवून काय होतं ते बघायचं. हाक काढून घेतली, आणि ओ तसाच आला. मी वर्गात मुलांना हेच घसा फोडून सांगत आलो. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"मग दादाला सांगितलं का नाहीस?"

"कशाला? त्याला कळला आसता की काशीला ठाव हाय, तर तो दगडावर यायचा बंद झाला आसता. लाजला आसता. धुक्यात तर नुसते ओ, हाक नाय काय नाय. चार-चारदा! मी हितं चुलीपाशी बसून मोजायची."

मग ती म्हणाली, "आनि दोन साल झाली, मला दम हाय. माळावर चढले की हाक निघतच नाय. नुसते हात धरते. दादाला पुरला तेवढा."

मला कळायला थोडा वेळ लागला. दोन साल. ती हाक मारतच नव्हती. ऐकू यायला तिथं काही नव्हतंच.

ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तुमी तर दगडावरच आसायचे रविवारी. तुमाला कळला नाय, हाक येत नाय ते?"

मी खरं सांगितलं. वारा उलटा असतो असं म्हणायचो, ते सांगितलं. घड्याळ कानाशी धरायचो, तेही सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि मला उठून तिची पाठ चोळावी लागली. मीही हसत होतो आणि रडत होतो. माझे कान शाबूत आहेत, काका. पण ही बातमी सांगायला मला तुम्ही हवे होतात.

म्हणजे हिशेब बघा. दोन वर्षं रोज सांजेला त्या दरीत एकच आवाज होता, तुमचा ओ. एकीनं न मारलेल्या हाकेला दुसऱ्यानं न ऐकता दिलेला, आणि दोन नागली मोजून दिलेला, तिला खोटं वाटू नये म्हणून. आणि ती तो ऐकून हात खाली घ्यायची, तुम्हाला खोटं वाटू नये म्हणून. मी याला खोटं म्हटलं होतं. ते भांडण मी मागे घेतो. उजेड कशावर उभा असतो ते मला अजून माहीत नाही, पण तुम्ही दोघं तेवढ्यावरच उभे होतात आणि पडला नाहीत.

मी निघालो तेव्हा काशीमावशी सूप घेऊन पुन्हा पाखडायला बसली. आमचं काही ठरलं नव्हतं. पण काल रविवार होता. पाय आपोआप जीपकडे वळले. तुमच्या सुनेनं चहा दिला, तो घेऊन मी परसात गेलो. दगड दिवसभराच्या उन्हानं गरम होता. मी बसलो नाही, तुमच्या जागेच्या जरा बाजूला उभा राहिलो.

ती येईल असं मला वाटत नव्हतं. ओ द्यायला कुणी उरलं नाही, तर दम लागत असताना माळ कशाला चढायचा? सूर्य डोंगराला टेकला. समोर रिकामा माळ. मला एकदम भीती वाटली, काका. तुम्ही सात वर्षं ज्याला घाबरत होतात ते हेच असावं.

मग लाल लुगडं दिसलं. हळूहळू चढत, मध्ये थांबत ती नेहमीच्या जागी आली. बराच वेळ नुसती उभी होती. माझ्या बाजूच्या रिकाम्या दगडाकडे बघत असणार. मला वाटलं, हात उचलणार नाही. आणि तिनं हात तोंडाशी नेले.

मी मोजायला सुरुवात केली. एक नागली. पुढचं मला जमलं नाही. माझ्या तोंडून ओ निघून गेला, मोठ्यानं, वेळेच्या कितीतरी आधी. तो दरीतून जात राहिला, आणि पलीकडे पोचला तेव्हा तिचे हात अजून तोंडाशीच होते. मग तिनं ते खाली घेतले आणि पदर खोचला.